दगडू वल्द फकिरा नेमका कोणता?

२०२५ च्या मार्चमधली गोष्ट. चना निघालेला, गहू पिवळा पडून राहिलेला, अन् मी रात्री साडेआठला सेंटरचं शटर अर्धं खाली ओढून, मोबाइलचं हॉटस्पॉट लॅपटॉपला जोडून अमेरिकेतली एक कॉन्फरन्स पाहत बसलो होतो. तिथं सकाळचे आठ वाजले की आपल्याकडं रात्रीचे साडेआठ, म्हणजे तीन दिवस झोपेचं खोबरं. बाजूच्या पानठेल्यावरच्या पोट्ट्यांना वाटलं मी क्रिकेट पाहून राहिलो, कारण चॅम्पियन्स ट्रॉफीची फायनल दोन दिवसांवर आलेली. एकानं वाकून पाह्यलं अन् म्हणे, "भाऊ, हे काय पाहून राहिले? ना स्कोर, ना बॅट!"

त्याला सांगितलं ते इथं जरा नीट सांगतो.

त्या कॉन्फरन्सचं नाव रूट्सटेक. अमेरिकेच्या युटा राज्यात सॉल्ट लेक सिटी नावाचं शहर आहे, तिथं २०११ पासून दरवर्षी भरते. आपल्या भाषेत सांगायचं तर वंशावळीची जत्रा. म्हातारे लोक आजोबा-पणजोबा शोधायला येतात, अन् त्यांना ते शोधून देणारं सॉफ्टवेअर, ॲप, डीएनए किट विकणाऱ्या कंपन्या दुकानं मांडतात. मधातली काही वर्षं या जत्रेत फक्त नवीन उद्योग करणाऱ्यांसाठी अन् प्रोग्रॅमरसाठी एक वेगळा दिवस असायचा, स्पर्धा पण लागायची, बक्षीस मिळायचं. २०२१ मध्ये कोरोनामुळं सगळंच ऑनलाइन अन् फुकट केलं तर दहा लाखांच्या वर लोक जोडले गेले, तेव्हापासून घरबसल्या पाहायची सोय कायम झाली. पैसे लागत नाहीत, नाव नोंदवायचं अन् पाहायचं. इंग्रजी बऱ्यापैकी कळलं पाहिजे एवढीच अट, अन् आमच्याकडं दुसरी अट म्हणजे लाईन जाऊ नये.

आता मी काहून पाहून राहिलो होतो? माझं हिंगणघाट तालुक्यातल्या एका गावात सेंटर आहे. जातीचा दाखला, व्हॅलिडिटी (म्हणजे त्या दाखल्याची सरकारी पडताळणी), सातबारा, वारसाचा फेरफार, पीक विम्याचा फॉर्म, सगळं. अन् या सगळ्यात अर्ध्या कामांच्या मुळाशी एकच कागद असतो तो म्हणजे वंशावळ. अमेरिकेत माणूस रिटायर झाला की हौसेनं पणजोबा शोधतो, आपल्याकडं पोरगी बारावी झाली की घाबरून खापरपणजोबा शोधतो. ओबीसी असाल तर १९६७ च्या आधीचा पुरावा, विमुक्त-भटक्या असाल तर १९६१ च्या आधीचा, एससी-एसटी असाल तर १९५० च्या आधीचा. पुरावा ज्याच्या नावाचा त्याच्यापासून पोरीपर्यंत एकेक कडी जोडून दाखवायची, स्टॅम्पवर प्रतिज्ञापत्र करायचं. हा धंदा आम्ही रोज करतो, फक्त त्याला कोणी टेक्नॉलॉजी म्हणत नाही.

अन् मी एकदा त्यात चांगला तोंडावर पडलो.

गावातले एक काका नातीची व्हॅलिडिटी घेऊन आले. त्यांच्या आजोबाचं नाव दगडू, दगडूच्या बापाचं फकिरा, जात कुणबी. मी कागद जमवले. कोतवाल बुकाच्या, म्हणजे गावच्या जन्म-मरणाच्या जुन्या रजिस्टराच्या नकलेत १९१४ सालची नोंद सापडली, "फकिरा कुणबी यास मुलगा झाला". जुन्या कोतवाल बुकात कितीतरी ठिकाणी पोराचं नावच नसतं, कारण बारसं व्हायच्या आधी कोतवालानं सांगितलेलं असतं, नुसतं मुलगा किंवा मुलगी. मंग शाळेच्या दाखल खारीज रजिस्टरात दगडू फकिरा भेटला, अन् १९५४-५५ च्या अधिकार अभिलेखात "दगडू वल्द फकिरा" शेतासकट. (हा अधिकार अभिलेख आपल्या भागात महत्त्वाचा काहून, तर मालगुजारी, म्हणजे जुनी जमीनदारी, संपल्यावर शेत कोणाच्या नावानं ते नव्यानं लिहावं लागलं, म्हणून त्या सालात गावंच्या गावं एका दमात लिहून निघाली.) तिन्ही कागद जोडले, बाण काढले, प्रतिज्ञापत्र केलं, फाइल पाठवली. त्रुटी लागून परत आली. गावात फकिरा दोन होते, दोघंही कुणबी, दोघांनाही दगडू नावाचा पोरगा. एक दगडू १९५१ मध्ये वारल्याची नोंद होती अन् मी जन्माची नोंद बहुतेक त्या वारलेल्याची लावली होती. चूक माझीच. काका काही बोलले नाहीत पण नातीनं माझ्याकडं जसं पाह्यलं ते अजून आठवते.

तर कॉन्फरन्समध्ये मी हाच एक प्रश्न घेऊन बसलो होतो की दोन कागदावरचा माणूस एकच आहे का दोन आहेत हे मशीन कसं ठरवते. झाड काढणं सोपं आहे हो, चौकोन काढले रेषा ओढल्या झालं. पण चौकोनात बसलेला माणूस तोच का, खरी मारामारी तिथं आहे.

आधी हे लोक कोण ते सांगतो, नाहीतर वाटेल एवढा खटाटोप कोण कशाला करते. जत्रा भरवणारी संस्था फॅमिलीसर्च, ती मॉर्मन चर्चची, म्हणजे अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती पंथाची. त्यांचा विश्वास असा की कुटुंब मेल्यावरही टिकते अन् मेलेल्या पूर्वजांसाठी सुद्धा धर्माचे विधी करता येतात, पण त्यासाठी पूर्वज नावानिशी माहीत पाहिजेत. म्हणून १८९४ मध्ये त्यांनी वंशावळीची सोसायटी काढली, १९३८ पासून जगभर फिरून रजिस्टरांची मायक्रोफिल्म काढायला लागले, अन् ते रोल ठेवायला सॉल्ट लेक सिटीजवळच्या डोंगरात ग्रॅनाइट पोखरून तिजोरी केली. चोवीस लाखांच्या आसपास रोल. ते सगळे स्कॅन करायचं काम २०२१ मध्ये संपलं. यावरून वाद पण झालेत, हिटलरच्या छळछावण्यांत मारलेल्या ज्यूंच्या नावानं विधी केले म्हणून ज्यू संघटना भडकल्या, १९९५ मध्ये करार करावा लागला. पण यांचे लोक हरिद्वारला पण पोचले होते हे मला माहीतच नव्हतं. पंड्यांच्या वह्या, ज्यात आपल्याकडचा यात्रेकरू गेला की आज्या-पणज्यासकट नाव लिहितात, त्यांची फिल्म १९७७ पासून काढायला घेतली. आपण त्या वह्यांना दक्षिणेचा धंदा म्हणून हसतो अन् हे बारा हजार किलोमीटरवरून कॅमेरा घेऊन आले.

आता मुद्द्यावर. हे सगळं सॉफ्टवेअर एकमेकाला माहिती कशी देते? त्यासाठी एक फाइलचा प्रकार आहे, जेडकॉम म्हणतात, १९८४ मध्ये याच चर्चवाल्यांनी काढला. साध्या टेक्स्टची फाइल असते, दर ओळीच्या सुरुवातीला आकडा. शून्य आला म्हणजे नवीन माणूस सुरू, एक म्हणजे त्याची गोष्ट, नाव, जन्म, मरण, अन् दोन म्हणजे त्या गोष्टीतली गोष्ट, जन्म कोणत्या तारखेला, कोणत्या गावी. एकदम आपल्या हिशेबाच्या वहीसारखं, आत सरकत जाते. पण त्यात आडनाव दोन तिरक्या रेघांच्या मधात टाकायचं असते. आता सांगा, "दगडू वल्द फकिरा" याचं आडनाव काय टाकता? जुन्या कागदात आडनावच नाही. वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा. बाई असली तर जौजे, म्हणजे अमक्याची बायको, नवरा वारला तर बेवा, अन् तिच्या बापाचं नाव शोधून सापडत नाही. लग्नात बाईचं नाव बदलायची पद्धत होती ते वेगळंच, माहेरची कौसल्या सासरी सीता होते, कागदावर त्या दोन बाया. तिकडच्या सॉफ्टवेअरवाल्यांनी लग्नाआधीचं आडनाव ही एक अडचण सोडवली, पण अख्खं नावच बदललं ही अडचण त्यांच्या गावीच नाही.

नाव जुळवायची तिकडची सगळ्यात जुनी युक्ती म्हणजे साउंडेक्स, १९१८ चं पेटंट. नावाचं पहिलं अक्षर ठेवायचं, बाकीच्यातले स्वर काढून टाकायचे अन् सारख्या आवाजाच्या व्यंजनांना एकच आकडा द्यायचा, म्हणजे स्पेलिंग वेगळं असलं तरी स्मिथ अन् स्मायथ एकाच खोक्यात पडतात. आपल्याकडं हे अर्धंच चालते. वानखडे-वानखेडे जुळेल, लक्ष्मण-लखमन कदाचित जुळेल, पण तुकारामचा तुक्या अन् तुकडू झाला तिथं आवाजाचा काय संबंध, तिथं गावातला माणूसच पाहिजे.

मंग दुसरी युक्ती, अन् ही मला मनापासून आवडली. १९६९ मध्ये फेलेगी अन् संटर नावाच्या दोघांनी याचं गणित मांडलं, आजही त्याच्यावरच बरंच काम चालते. गणित सोडा, गोष्ट अशी आहे. दोन कागदावर नाव विठ्ठल जुळलं तर त्याला किती मार्क द्यायचे? फार कमी, कारण प्रत्येक गावात दहा विठ्ठल. पण झिंगरू जुळलं तर? भरपूर मार्क, कारण पंचक्रोशीत झिंगरू एखादाच. म्हणजे जे दुर्मिळ ते जुळलं तर वजन जास्त, जे सर्रास ते जुळलं तर वजन कमी. अन् न जुळल्याचे मार्क कापायचे, पण तेही तारतम्यानं. वयात दोन वर्षांचा फरक आला तर थोडेच कापा, कारण वय मास्तरांनीच अंदाजे टाकलेलं असते, अन् बापाचं नाव पूर्ण वेगळं आलं तर धरून कापा. सगळ्या रकान्यांचे मार्क जोडायचे. खूप वर आले तर एकच माणूस, खूप खाली आले तर वेगळा, अन् मधात अडकले ते माणसानं डोळ्यानं पाहायचे. आमचे जुने तलाठी हेच तर करायचे, फक्त त्यांना आकडे लिहायची गरज नव्हती.

आणखी एक छोटी अक्कल. हजार नोंदी एका रजिस्टरात अन् हजार दुसऱ्यात असतील तर प्रत्येकाला प्रत्येकाशी लावून पाहायचं म्हटलं की दहा लाख जोड्या होतात. म्हणून आधी खोके पाडायचे, एका मौजाच्या नोंदी एका खोक्यात, अन् फक्त खोक्याच्या आत जुळवायचं. वेळ वाचतो. पण माणूस गाव सोडून गेला असेल तर तो खोक्याबाहेर पडला, मशीनला तो कधीच दिसणार नाही. हे वाक्य ध्यानात ठेवा, पुढं कामी येते.

मी हे मार्कांचं गणित कागदावर मांडून दगडूवर लावून पाह्यलं. अन् पचका झाला. काहून, तर दगडू अन् फकिरा ही आपल्याकडं दुर्मिळ नावं नाहीतच. लेकरं जगत नव्हती तेव्हा पुढच्याला मुद्दाम ओबडधोबड नाव ठेवायचे, दगडू, धोंडू, कचरू, उकंडा, म्हणजे नजर लागणार नाही अन् यमाला वाटंल हे काय न्यायचं. ज्या काळात रोगराई जास्त त्या काळात दगडू पण जास्त. तिकडच्या नियमांपैकी दुसरा एक साधा नियम, की माणूस मेल्याच्या तारखेनंतर त्याच्या नावानं नोंद आली तर तो माणूस तो नाही. ऐकायला किती बरोबर वाटते. पण आपल्या सातबाऱ्यावर मेलेला माणूस तीस-तीस वर्षं मालक म्हणून उभा असतो कारण पोरांनी फेरफारच केलेला नसतो. १९५१ मध्ये वारलेला दगडू १९५४ च्या कागदावर असूच शकत नाही असं मी छातीठोक म्हणू शकलो नाही, जरी तेव्हा लिहिणारे मौक्यावर जाऊन लिहीत होते.

हस्ताक्षर वाचणाऱ्या एआयबद्दल पण तिथं लोक भरभरून बोलतात, अन् त्यात दम आहे. अमेरिकेत जनगणनेचे मूळ तक्ते ७२ वर्षं बंद ठेवून मंग खुले करतात. १९५० चे १ एप्रिल २०२२ ला खुले झाले, पंधरा कोटी माणसांच्या हातानं लिहिलेल्या ओळी, अन् पहिल्या दिवशीपासून मशीननं वाचलेल्या नावांवर शोध घेता येऊन राहिला होता. त्याच्या आधीच्या वेळी, १९४० च्या तक्त्यांसाठी हजारो स्वयंसेवकांना महिने लागले होते. आपल्याकडं जनगणनेत एकेका माणसाची माहिती कायद्यानंच गोपनीय आहे, ती खुली होत नाही, म्हणून आपला सगळा भार कोतवाल बुकावर अन् शाळेवर. अन् त्यातली जुनी पानं मोडी लिपीत. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती बसली तेव्हा मोडी वाचणाऱ्याला एकदम भाव आला होता, आठवते ना.

मशीनला मोडी शिकवता येईल का? येईल, युरोपात ट्रान्स्क्रिबस नावाचं एक साधन आहे, सहकारी संस्था चालवते, त्याला तुम्ही पानाचा फोटो अन् त्या पानावर काय लिहिलंय ते टाइप करून देता, अशी बरीच पानं दिली की ते त्या वळणाचं हस्ताक्षर वाचायला शिकते. म्हणजे आधी माणसानं वाचून द्यायचं, मंग मशीन. मोडीत अडचण ही की रेघ आधी ओढून घेतात, हात न उचलता लिहितात, दोन शब्दांच्या मधात जागा नाही अन् ऱ्हस्व-दीर्घाचा फरक नाही. शंभर अक्षरांत पाच चुकली तर गोष्ट वाचायला काही फरक पडत नाही, पण आमच्या धंद्यात धोंडूचा धोंडी झाला की पोरीची ॲडमिशन गेली.

डीएनएचं थोडक्यात सांगतो कारण काकानं पण विचारलं होतं की थुंकीवरून नाही का निघत. निघते, पण जात निघत नाही, नातं निघते, ते पण अंदाजानं. सख्ख्या चुलतभावांचा डीएनए साधारण साडेबारा टक्के सारखा येतो. पण जिथं पिढ्यान् पिढ्या मामाच्या पोरीशी लग्न होते तिथं लांबचा भाऊ जवळचा दिसायला लागतो, कारण एकच पूर्वज दोन-तीन वाटांनी आलेला असतो. कंपन्यांचे आकडे अशा घरात फसतात. अन् पडताळणी कागदावर चालते, थुंकीवर नाही.

धंदा म्हणून पाह्यलं तर मात्र डीएनएमध्ये मोठी शिकवण आहे. माणूस आयुष्यात टेस्ट एकदाच करते, मंग पुढच्या वर्षी त्याला काय विकता? ट्वेंटी थ्री अँड मी ही त्यातली नावाजलेली कंपनी, २०२३ मध्ये हॅकरांनी तिच्या जवळपास एकोणसत्तर लाख लोकांची माहिती पळवली, अन् मी कॉन्फरन्स पाह्यली त्याच मार्चच्या २३ तारखेला तिनं दिवाळखोरीचा अर्ज केला. लोक घाबरले, की आता आमच्या थुंकीचा मालक कोण? उलट अँसेस्ट्री ही वंशावळीचीच दुसरी कंपनी दर महिन्याला वर्गणी घेते, नवनवीन रजिस्टरं टाकत राहते, ती २०२० मध्ये ४७० कोटी डॉलरला विकली गेली. म्हणजे पैसा झाडात नाही, पैसा रजिस्टरांच्या गोदामात आहे. अन् आपलं गोदाम सरकारी रेकॉर्ड रूममध्ये पिवळ्या फडक्यात बांधून ठेवलंय, थोडं आपले अभिलेख पोर्टलवर चढलंय.

जे काम मला आपल्याकडं होण्यासारखं वाटलं ते एकदम साधं आहे. या जत्रेतल्या २०१५ च्या स्पर्धेत स्टोरीवर्थ नावाचा धंदा पहिला आला होता. ते काय करतात, तर आठवड्याला एक प्रश्न म्हाताऱ्या माणसाला ईमेलनं पाठवतात, तो उत्तर लिहिते, वर्षानं त्याचं पुस्तक छापून घरी येते. एवढंच. आमच्या म्हाताऱ्यांना ईमेल नाही जमणार, पण व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज? गोंडांमध्ये परधान हेच काम करत आले, बाना नावाचं तंतुवाद्य वाजवत ठरावीक वर्षांनी यजमानाच्या दारी जायचे अन् त्याच्या कुळाची कथा गाऊन दाखवायचे, कोण चार देवाचे, कोण सहा देवाचे (गोंडांची कुळं देवांच्या आकड्यावरून ओळखतात), सोयरीक कुठं होते कुठं नाही. तो तर चालताबोलता डेटाबेस. फक्त सॉफ्टवेअरच्या कोणत्याच फॉर्ममध्ये "देव किती" असा रकाना नाही.

हो, एक गंमत राहिली. त्या जत्रेत एक सोय असते, तिथं आलेल्या लोकांत तुमचे नातेवाईक किती ते दाखवते. अमेरिकेतल्या लोकांना हजारोंनी दाखवते, ते एकमेकाला मिठ्या मारतात. मी दाबून पाह्यलं. शून्य. कारण त्यांचं जगाचं एकच मोठं झाड आहे, सगळ्यांनी मिळून लिहायचं, अन् त्यात आमच्या खेड्यातलं कोणी लटकलेलंच नाही. मी तिथं दगडूला टाकणार होतो, मंग थांबलो. जिवंत माणसं ते लपवून ठेवतात हे खरं, पण वरच्या पिढीच्या नावापुढं जात लिहिलेलीच असते, अन् एकदा नेटवर गेलं की खालच्या पिढीपर्यंत यायला कितीसा वेळ लागते. नातीला विचारल्याशिवाय नाही.

कॉन्फरन्स संपल्यावर आठवड्यानं काका आले. मी यावेळी कागद बाजूला ठेवले, मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू केलं अन् विचारलं, काका, गावात दुसरा एक दगडू होता का?

"होता ना. लक्ष्मणबुढ्याच्या फकिराचा. तो त घरजावई गेला ना बाप्पा, समुद्रपूरकडं! तिकडंच मेला. आमचा दगडू म्हणजे उकंड्याच्या फकिराचा."

"हे तुम्ही मला आधी काहून नाही सांगितलं?"

"तू इचारलंच कुठं? तू त म्हणे आधार आणा, दाखला आणा, फोटो आणा."

म्हणजे घरजावई गेलेला दगडू खोक्याबाहेर पडला होता, अन् मी इकडच्याच मौजात त्याला शोधून राहिलो होतो. त्याच दिवशी त्याच्या सासरच्या गावाच्या कोतवाल बुकाच्या नकलेसाठी अर्ज टाकला. अर्जात "नोंद कोणत्या माहितीच्या आधारे मागितली" अशी एक ओळ होती, तिथं मी लिहिलं, नातवाच्या सांगण्यावरून. बाबूनं वर पाह्यलं, म्हणे असं नाही चालत, कागदाचा आधार लिहा.